एकमेकींचं वर्ष

२६ डिसेंबर

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

वर्ष संपत आलं, म्हणजे आपल्या उद्योगाची वेळ झाली. बाकीचे लोक स्वतःचे संकल्प करतात, आपण दोघी एकमेकींचे करतो. मला पहिली नोकरी लागली तेव्हा तूच ही टूम काढलीस. स्वतःचं वर्ष स्वतः लिहिलं की माणूस फुशारकी तरी मारतो नाहीतर रडत तरी बसतो, असं तुझं म्हणणं.

तर आधी तुझा निकाल. गेल्या वर्षी मी लिहिलं होतं की आत्याने पाण्यात उतरणं बंद करावं, काठावर बसून शिकवावं आणि गुडघे जपावेत. प्रत्यक्षात दर फोनवर तुझं नाक चोंदलेलं. काठावर बसून कुणाला एवढी सर्दी होत नाही, आत्या. नापास.

माझा निकाल तू लावशीलच. तू लिहिलं होतंस की ठकीने साहेब व्हावं. झाले. काचेची केबिन आहे, गोल फिरणारी खुर्ची आहे. इतकी वर्षं मी लोकांना कृत्रिम पाय करून देत होते, या वर्षी एकही केला नाही. दिवसभर रजेचे अर्ज, मालाच्या ऑर्डरी आणि बैठका. काचेतून बाकीच्यांना प्लास्टर कालवताना बघते आणि माझे हात शिवशिवतात. घरी आले तरी एका जागी बसवत नाही. काल कपाट तीनदा लावलं.

दहा तारखेपर्यंत सांगायचंय, की ही जागा कायमची घेते की परत पाय करायच्या टेबलावर जाते. मी सोडली तर ती आमच्या तुफानमेलला मिळणार. चार दिवसांचं काम तो एका दिवसात उरकतो आणि वर त्याचं कौतुक होतं. त्याच्या हाताखाली सगळेच तसे धावायला लागले तर? काही सुचत नाही. तू लवकर लिही.

रागावलीस तरी माया पातळ करू नकोस.
तुझी,
ठकी

३० डिसेंबर

चि. ठकीस,
अ. आ.

पत्र पोचलं. सर्दीचं म्हणशील तर तलावाच्या हॉलमध्ये वारा फार येतो. बरं, उतरते मी पाण्यात. परवा एक बँकेतले गृहस्थ, चांगले धिप्पाड, कंबरभर पाण्यात माझा दंड धरून थरथरत होते. काठावरून ओरडून त्यांची भीती गेली असती का? मी दोन्ही हात त्यांच्या पाठीखाली धरले तेव्हा कुठे ते आडवे झाले. आडवे झाल्यावर मात्र असे हसले की सगळा तलाव बघत राहिला. मला नापास कर, चालेल.

तुझं मात्र मी ऐकणार नाही. कुणी हातात दिलेली जागा सोडतं का? मी जन्मभर मोठ्या माणसांना पोहायला शिकवलं, आणि प्रमुखाची जागा रिकामी झाली की दर वेळी बाहेरून कुणीतरी शिट्टी गळ्यात अडकवून यायचा. त्यातल्या एकाला तर धड पोहताही येत नव्हतं, मीच शिकवलं. तुझ्या दारावर पाटी लागली तेव्हा तू पाठवलेला फोटो मी शेजारपाजारच्या सगळ्यांना दाखवला. घरी येणाऱ्या प्लंबरलासुद्धा.

हात शिवशिवतात म्हणे! घरात रंगकाम काढ, भरतकाम कर. आणि तुफानमेलला आवरायचं तर वरच्या खुर्चीतूनच आवरता येईल, हे तुलाही कळतं. नव्या वर्षाचं तुझं लिहिते: ठकीने जागा कायम करावी आणि रडगाणं बंद करावं. माझंही लिहून पाठव, पण गुडघ्यांचा विषय नको.

आशीर्वाद आहेतच, अक्कलही धाडते आहे, ती वापर.
तुझी,
आत्या

५ जानेवारी

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून खरोखरच सही करायला निघाले होते. मग परवा आमच्याकडे एक शाळेतल्या बाई आल्या. त्यांचा आधीचा पाय मी केला होता. आता त्या बारीक झाल्यात, तो सैल पडतो, म्हणून नवा करायचा होता. मापं तुफानने घेतली आणि संध्याकाळपर्यंत पाय तयारही झाला. मी काचेतून बघत होते. बाई चालून बघितल्यासारखं करून छान आहे म्हणाल्या, थँक्यू म्हणाल्या आणि निघाल्या. त्या डाव्या बाजूला झुकत होत्या, आत्या. आणि तुफानच्या तोंडावर त्यांना पाय टोचतो असं म्हणवत नव्हतं.

मी बैठक टाकून धावले. त्यांना कॉरिडॉरमधल्या बाकावर बसवलं, जमिनीवर गुडघे टेकले आणि पाय काढून घेतला. खालची कातडी लाल झाली होती. सांगितलं तर उगाच कुणाला त्रास, असं त्या म्हणाल्या. मला रडूच आलं. साहेबीणबाईंना फरशीवर बसून रडताना अख्ख्या कार्यशाळेने बघितलं.

त्याच दिवशी वर कळवलं की मी टेबलावर परत जाते. बाईंचा पाय मी पुन्हा करतेय, चार दिवस घेऊन. तुफान साहेब होईल तर होऊ दे. केबिनमध्ये बसला की निदान त्याच्या हातून पाय तरी होणार नाहीत. आणि मला घाई कर म्हणायला आला, तर नाही म्हणायला मी तिथेच आहे.

आता जे लिहिते त्याचा तुला राग येईल. खुर्ची मला कधी नकोच होती. ती तुला हवी होती, आणि तुझ्या शब्दाखातर मी वर्षभर तिच्यात बसले. या वर्षी माझं तू लिहू नकोस. मीही तुझं लिहीत नाही.

पूर्वीइतकंच प्रेम असू दे, एवढंच मागते.
तुझी,
ठकी

९ जानेवारी

चि. ठकीस,
अ. आ.

राग आला. दोन दिवस तुझं नाव काढलं नाही. शिकवतानाही चिडचिड केली, ते बँकेतले गृहस्थ बिचारे मला घाबरून एकटेच पलीकडच्या काठापर्यंत पोहत गेले.

मग बसून पुन्हा वाचलं. तू लिहिलंस ते खरं आहे. दर वेळी जागा रिकामी झाली आणि मी कुणीतरी माझं नाव घेईल म्हणून वाट बघत राहिले. स्वतःहून कधी मागितली नाही. मागून नाही म्हणाले तर, याची लाज वाटायची. पुढे वय झालं म्हणून सोडून दिलं, आणि हौस तुझ्या गळ्यात बांधली. त्यात तुझं वर्ष गेलं गं पोरी.

आमचे शिट्टीवाले या महिनाअखेर निवृत्त होतायत. काल मी ऑफिसात जाऊन अर्ज दिला. तिथल्या कारकुनाने वय दोनदा विचारलं, मी दोन्ही वेळा खरं सांगितलं. अर्जात हेही लिहिलंय की प्रमुख झाले तरी पाण्यात उतरणार.

सोमवारी मुलाखत आहे. रविवारी फोन कर, नक्की कर. मला भीती वाटतेय.

तुझा लोभ मला हवाच आहे.
तुझी,
आत्या