भाऊजींच्या सीडीची ओटी

अंजनगाव सुर्जी
१७ ऑक्टोबर २००८

तीर्थस्वरूप खुशालराव भाऊजी यायले किशोरचा वाकून नमस्कार.

इथं आमी सगळे मजेत हावो. आईचे गुडघे दुखून राहिले, पण तोंड शाबूत हाये. तुमची पाठ कशी हाये? पित्त? तुमच्या शाळेतली व्यसनमुक्ती समिती? तुमी मोबाईल उचलून नाही राहिले, तवा मनलं बैठक मारून सविस्तर लिहूनच टाकावं. तं पयली बातमी अशी, की तुमचं काम झालं! तुमची सीडी लिनक्सवर चालली! अंजनगाव तं सोडाच, अमरावतीपासून अकोल्यापर्यंत हे कोणाच्या बापाले जमलं नसन (वडीलधाऱ्यायले असं लिहू नये, माफी असावी, पण छाती फुगली की माह्या हाताले आवर राहत नाही).

तुमाले सारं ठाऊक हाये, तरी कामाची किंमत कळावी म्हणून पयलेपासून सांगतो. तुमच्या कॉम्प्युटरमधी व्हायरसनं असं ठाण मांडलं की विंडोज धड उठे ना बसे. तुमी तो अचलपूरच्या एसटीत घालून माह्या कॉम्प्युटर क्लासवर पाठवला. मी त्याच्यात विंडोजच्या जागी लिनक्स टाकून देल्लं. फुकट, झकास, अन् व्हायरसचं नाव नाही. वाटलं, भाऊजी खूश होतीन. तं तुमचा फोन आला, आवाज असा बारीक की मले वाटलं घरात कोणी आजारी हाये. तुमी म्हणाले, खोक्याच्या तळाशी एक सीडी हाये, ते फक्त विंडोजवर चालते, काही कर पण ते चालली पाह्यजे, अन् रुख्मिणीले, म्हणजे आपल्या ताईले, कळता कामा नये. मी सीडी लावून पाहली. स्क्रीनवर एक बाई येते, नाचते, अन् गाणं जसजसं पुढं सरकते तसतसे तिचे कपडे मांगं पडत जातात. आता तुमी शाळेचे पर्यवेक्षक, मी तुमचा साळा. मले त्याच्यात बाई दिसलीच नाही, फक्त अडचण दिसली. अन् अडचण दिसली की मी जेवण विसरतो, हे ताईले इचारा (सध्या नका इचारू).

औंदा सोयाबीननं दगा देल्ला, क्लासमधी पोट्टे उरले सात. म्हणून मले वेळच वेळ होता, नव्हती ते लाईन. बारा-बारा घंटे भारनियमन! विंडोजचे प्रोग्राम लिनक्सवर चालवाले वाईन नावाचा प्रोग्राम असते (नाव तसं हाये, समितीनं काळजी करू नये). पयल्या दिवशी बाई आलीच नाही. चौथ्या दिवशी तिचे फक्त दोन पाय आले अन् स्क्रीनच्या खालच्या काठानं नाचत राहिले. मंग सगळी आली, पण काळ्या चौकोनात, फोटोत बसवल्यावानी. अकोल्याले जुन्या शहरात माहा दोस्त गयासुद्दीन हाये, त्याच्या दुकानातून नवं ग्राफिक्स कार्ड आणलं. तो म्हणे, "छोड दे किशोरभाई, नहीं होता." मी म्हटलं, होते कसं नाही! तीन हप्त्यात चौकोन गेला, बाई मोकळी झाली, स्क्रीनवरच्या सगळ्या खिडक्यायच्या वर नाचाले लागली. वरून माही स्वतःची अक्कल पाहा: लाईन आली की कॉम्प्युटर आपोआप सुरू व्हावा, पासवर्ड मांगू नये, अन् बाईनं थेट नाचाले लागावं, अशी सोय करून ठेवली. भाऊजींचा एक मिनिट वाया जाऊ नये.

तेच नडलं.

खंडेनवमीले आपल्याकडं अवजारायची पूजा असते. आईनं विळे-कुऱ्हाडीसंगं क्लासमधल्या कॉम्प्युटरायचीही पूजा मांडली, गल्लीतल्या पंधरा बाया हळदीकुंकवाले बलावल्या. ताई तं नवरात्रासाठी इथंच होती. लाईन नव्हती, म्हणून मी बिनधास्त होतो. आरती अर्ध्यावर आली अन् लाईन आली. बाकीचे कॉम्प्युटर गप्प. तुमचा उठला. बाई आली, तिनं ओढणी फेकली.

मी वायर ओढाले धावलो, पण मधात पंधरा बाया. त्यायच्यातून शेजारच्या पार्बताबाई पुढं झाल्या. म्हणाल्या, "अवं मायबाई, नवमीच्या दिवशी सवाष्ण दारात आली, अन् अंगावर धड लुगडं नाही बिचारीच्या!" त्यायनं काचेवर कुंकू लावलं, ओटीत तांदूळ अन् नारळ पाह्यजे म्हणून की-बोर्डवर ठेवले, अन् खण मॉनिटरवरून असा सोडला की बाई सगळी झाकली. मी तिले सगळ्या खिडक्यायच्या वर ठेवलं होतं, पण पार्बताबाईचा खण तिच्याही वर!

भाऊजी, तुमी इथंच वाचले होते. ताईनं चारचौघीत तुमची लाज राखली. म्हणाली, "व्हायरस असन. यायच्या कॉम्प्युटरमधी पयलेपासूनच व्हायरस हाये." बायायनं माना हलवल्या. विषय संपला होता. पण मी काय म्हणतो, माणसानं काहीही आयकून घ्यावं, हे नाही आयकून घ्यावं. मी म्हटलं, "ताई, लिनक्समधी व्हायरस येत नाही! फक्त विंडोजवर चालणारी भाऊजींची सीडी मी तीन हप्ते खपून लिनक्सवर चालवली!"

ताई म्हणाली, "कोणाची?"

बाया गेल्यावर तिनं खण बाजूले केला अन् तो नाच शेवटपर्यंत पाह्यला. मले वाटलं आता चप्पल येते. तं म्हणे, "ठेका चुकते इचा." मंग खणाची घडी करता करता म्हणाली, "कॉलेजच्या गॅदरिंगमधी तीन वर्षं माहा पयला नंबर होता, किशोर. लग्नाले सतरा वर्षं झाली. यायनं एकदा तरी म्हटलं का, नाचून दाखव?" भाऊजी, मले तिच्याकडं पाहवलं नाही. लय वाईट वाटलं.

असो. काम मात्र बावनकशी झालं, हे तुमीही मान्य करसान. मोठ्यायले नमस्कार, लहान्यायले पापा.

तुमचा आज्ञाधारक साळा,
किशोर

ता. क. पत्र लिहाचं खरं कारण असं, की ताई सामान बांधून नाही राहिली. दिवाळीच्या आत तुमी स्वतः न्याले या. शिपाई पाठवू नका, तो रिकामा वापस येईन.

आणखी एक. तुमच्या कॉम्प्युटरले आता पासवर्ड हाये. लिनक्समधी पासवर्ड कसा ठेवाचा हे ताईले मीच शिकवलं, एका घंट्यात शिकली. मले अभिमान वाटते. पासवर्ड मलेही माहीत नाही.

अन् शेवटचं, हे ताईनं सांगतलं म्हणून लिहून राहिलो. तुमच्या घरी आलमारीच्या वरच्या फळीवर, रजायांच्या मांगं, पत्र्याच्या डब्यात तिचे घुंगरू हायेत. येतानी घेऊन या. काहून, ते मी इचारलं नाही. तुमीही फोनवर इचारू नका. इथं आले की समोर बसून इचारा.