रेडिओवर माझा यमन

३ जानेवारी १९३७, लोणावळा
पुण्याहून ओळखीच्या प्रोफेसरांचं कार्ड! त्यांच्या कॉलेजाने तिथे स्वतःचं रेडिओ केंद्र काढलंय, निव्वळ शास्त्रीय संगीतासाठी. २१ तारखेला संध्याकाळी मला पंधरा मिनिटं. पार्सल ऑफिसात सगळ्यांना कार्ड दाखवलं. स्टेशनमास्तर म्हणाले, आधी कोंबड्यांच्या टोपलीचं बघा. कलेची कदर म्हणून नाही.
शालू दिवाळीला कान्ह्याला माहेरी गेली ती अजून आली नाही. तिकडची हवा तिला मानवते.

४ जानेवारी
संकल्प : पहाटे चारला उठून खर्ज. आंबट-तेलकट बंद.
उठलो आठला. थंडीत गळ्याला विश्रांती हवीच. चिवडा खाल्ला, पण थोडाच.

९ जानेवारी
मेव्हणा नथू फलाटावर भेटला. शालू का येत नाही, विचारलं. म्हणाला, "अक्का तापानं फणफणली व्हती. दोनदा पानी मागितलं, तुमी गातच बसला." आता चढलेला आलाप मध्येच तोडायचा? पण मनाला लागलं, हे खरं.
निरोप दिला : २१ला शालूला ताजुद्दीनशेठच्या दुकानी रेडिओपाशी बसव. माझा यमन ऐकला की स्वतःच गाठोडं बांधेल. दुसऱ्या दिवशी न्यायला येतो.

१५ जानेवारी
आवाज राखायला मौन. ऑफिसात खुणांवर काम. कोंबड्या तळेगावऐवजी कल्याणला गेल्या. मास्तरांना ओरडायला निमित्तच लागतं.
घरी मौन सोपं गेलं. बोलायला कोणी नाहीच.

२१ जानेवारी, पुणे स्टेशन
रेडिओ केंद्रात चहूकडे पडदे लावलेली खोली. तबलजी सोडला तर चिटपाखरू नाही. लाल दिवा लागला, म्हणजे प्रक्षेपण सुरू. तंबोरा उतरला होता, तो नीट लावला. घाई मला जमत नाही. मग रीतीप्रमाणे हात जोडून म्हटलं, "आज्ञा असावी." मैफलीचा होकार आल्याशिवाय आमच्यात कोणी तोंड उघडत नाही. होकार येईना. काचेपलीकडे प्रोफेसर हात हलवत होते. म्हटलं, थांबा म्हणताहेत. थांबलो. पुन्हा आज्ञा मागितली. ते दोन्ही हात हलवू लागले. शेवटी षड्ज लावला, तोच पंधरा मिनिटं सरली नि दिवा गेला.
प्रोफेसर नको ते बोलले. पण तंबोरा काय लागला होता! जाणकाराला तेवढं पुरे. शालू येणार.

२२ जानेवारी, कान्हे
टांगा घेऊनच गेलो. ताजुद्दीनशेठ दुकानाच्या पायरीवर भेटले. म्हणाले, "पार्सलबाबू, तुमी आज्ञा मागितली तवा आमी समदे 'गा की' म्हनलो. शालूबाई तर उठून पार रेडिओपाशी गेली. 'व्हय, गा' म्हनली, दोन्ही बारीला." मला भरून आलं.
शालू दारातच उभी होती. मी समजावलं की ते यंत्र एकतर्फी असतं, इकडचा आवाज तिकडे पोचत नाही.
ती म्हणाली, "त्या येंत्राचं काय घेऊन बसलाय? घरात तरी माजा आवाज तुमच्यापत्तुर कुटं पोचत व्हता?"
आणि आत गेली. मग टांग्यात एकटाच बसलो.