कोल्हारच्या पुलावरचं चाक

कोपरगाव,
रविवार, ९ मार्च २०२५

प्रिय कमरुद्दीन,

सलाम. रोजे चालू असतील, उन्हं तापली आहेत, तब्येतीला जप. गुडघे सोडले तर मी ठणठणीत. पाचवीच्या पुस्तकातल्या कविता अजून तोंडपाठ आहेत. सकाळी गोदावरीच्या घाटावर बसून म्हणतो, बगळे ऐकतात. तुझ्या जुन्या सायकलच्या दुकानात तुझा पुतण्या परवेझ आता मोबाईलची कव्हरं विकतो. त्याच्याकडूनच तुझा देवळालीचा पत्ता घेतला. “चाचांना फोन लावून देऊ का?” म्हणाला. नको म्हटलं. फोन तू ठेवून देशील. पत्र निदान उघडशील.

बातमी मोठी आहे. माझी नात संस्कृती, थोरल्याची मुलगी, नाशिकच्या व्यावसायिक सायकल संघात आहे. सहा मुली, एक प्रशिक्षक, एक गाडी आणि गाडीच्या टपावर सुटी चाकं. सायकल चालवणं हीच नोकरी! आपल्याला सायकल चालवली म्हणून घरी मार पडायचा, आठवतं ना?

तिचं काम ऐकून मी आधी खट्टू झालो होतो. संघाची मुख्य स्पर्धक जेनिफर, राहुरीची. संस्कृतीनं तिच्या पुढे राहून वारा अंगावर घ्यायचा, तिला पाणी आणून द्यायचं आणि शेवटच्या चढाला तिला पुढे सोडून आपण मागे पडायचं. मी म्हणालो, “मग तू जिंकणार कधी?” तर म्हणते, “आजोबा, जेनी जिंकली की मी जिंकले. तुम्ही मराठीचे मास्तर, एवढंही कळंना?”

हंगाम ऑक्टोबरात सुरू झाला तो अपशकुनानंच. पहिल्या शर्यतीत वाळूवर घसरून चार मुली पडल्या, संघ शेवटून पहिला. डिसेंबरात पाचवा. जानेवारीत जेनिफर पहिल्यांदा जिंकली आणि मग गाडी अशी सुटली म्हणतोस! गेल्या रविवारी शेवटची शर्यत: संगमनेरहून अकोले, राजूर, आणि भंडारदऱ्याच्या चढाला शेवट. जेनिफर पहिली आली तरच हंगामाची ढाल आपली, नाहीतर बंगळुरूच्या संघाची.

मी राजूरच्या अलीकडच्या वळणावर जाऊन उभा राहिलो. डोंगराला कोवळं ऊन होतं, पळस पेटलेले. तीच ही प्रवरा, पुढे कोल्हारच्या पुलाखालून जाणारी, असं काहीबाही मनात येत होतं. तेवढ्यात शिट्ट्या झाल्या. पाच-सहा जणी पुढे, त्यात आपल्या दोघी, संस्कृती वाऱ्याला डोकं लावून. आणि अगदी माझ्यासमोर जेनिफरचं पुढचं चाक पंक्चर होऊन बसलं.

संघाची गाडी अरुंद रस्त्यावर मागे अडकलेली. संस्कृती उतरली. स्वतःचं पुढचं चाक काढायला लागली.

आणि मी काय ओरडलो असेन, कमरुद्दीन? “अगं, देऊ नकोस!”

जेनिफरनं माझ्याकडे पाहिलं. मी चाक धरायला पुढे झालो, तर नात खेकसली, “आजोबा, हात लावू नका! पंच बाद करतील!” मी दोन्ही हात वर करून उभा, पोलिसानं पकडल्यासारखा. शेजारी उभा असलेला एक म्हातारबा म्हणाला, “मास्तर, पोरीला कळतंय की. तुमी कशाला मधी?” मिनिटभरात जेनिफर निघून गेली. संस्कृती बसलेलं चाक हातात घेऊन रस्त्याच्या कडेला उभी राहिली. शिट्टी वाजवत होती!

जेनिफर जिंकली. अकरा सेकंदांनी! हंगामाची ढाल नाशिकला, आपल्या जिल्ह्याच्या दोन पोरींच्या जोरावर. मी चढावरच्या शेंडी गावात पोहोचलो तेव्हा हलग्या वाजत होत्या. बक्षिसासाठी जेनिफरचं नाव तीनदा पुकारलं, पण ती मंचावर चढेना. “संस्कृती येऊ दे,” एवढंच. पाहुणे घड्याळ बघत होते. एकोणीस मिनिटांनी नात आली, एक्केचाळिसावी. जेनिफरनं तिला हाताला धरून वर नेलं आणि माईकवर म्हणाली, “मी जिंकले, पण पुढचं चाक हिचं होतं.” लोकांनी टाळ्यांनी डोंगर उठवला. मीही वाजवल्या, पण मला बावन्न वर्षांपूर्वीचा राहुरीचा माईक दिसत होता.

आता लिहितोच.

कोपरगाव ते राहुरी, शाळांची सायकल शर्यत, १९७३. कोल्हारच्या पुलावर माझं चाक बसलं. तुझ्या खिशात पाना होता, पंक्चरचं सामान नव्हतं. तू तुझं पुढचं चाक काढलंस आणि म्हणालास, “तू पळ रंग्या. ढाल शाळेत आली पाहिजे.” मी पळालो. ढाल घेताना पाहुण्यांनी विचारलं, “पंक्चर झालं होतं म्हणे?” मी म्हणालो, “झालं होतं, काढलं पाच मिनिटांत.” आणि वर ‘एकट्याची वाट’ म्हणून स्वतः रचलेल्या चार ओळी म्हटल्या. तू तेव्हा खांद्यावर सायकल घेऊन कोल्हारहून चालत होतास.

तू ते हसण्यावारी नेलंस. “पंक्चरवाले मास्तर” म्हणून मला चिडवायचास, आणि पुढे कित्येक वर्षं माझ्या सायकलचं पंक्चर तूच काढलंस. पण मी त्याच शाळेत मास्तर झालो, आणि दर स्नेहसंमेलनाला ती गोष्ट सांगत गेलो. सांगता सांगता मलाच खरी वाटू लागली.

आणि मग सकीना सातवीत माझ्या वर्गात आली. तिनं हात वर केला. “सर, चाक तर अब्बांनी दिलं होतं ना?” साठ पोरं माझ्याकडे बघत होती. मी म्हणालो, “खोटं बोलू नये. खाली बस.”

ती बसली. त्या दिवसापासून तू मला ओळख दिली नाहीस. का, हे मी तीस वर्षं स्वतःला न कळल्यासारखं दाखवत आलो.

काल महिला दिनानिमित्त शाळेत संस्कृतीचा सत्कार झाला. हेडमास्तर म्हणाले, “आजोबांकडून ती पाच मिनिटांच्या पंक्चरची गोष्ट होऊन जाऊ दे.” मी उठलो. त्या चार ओळी आठवेनात, बरंच झालं. सगळं सांगितलं: पूल, पाना, तुझं नाव, आणि सकीनाला काय म्हणालो तेही. मग संस्कृतीनंच विचारलं, “आजोबा, म्हणजे तुम्हाला पंक्चर काढताच येत नाही?” म्हटलं, “अजून नाही.” पोरं जी हसली! आणि मग कुणीतरी टाळी वाजवली, आणि टाळ्या थांबेनात. त्या तुझ्या होत्या. पोचवायचं काम माझं, म्हणून हे पत्र.

शाळेतल्या आपल्या ढालीखालच्या पाटीवर आता दोन नावं येणार आहेत. तुझं आधी, असं मी हेडमास्तरांकडून लिहून घेतलं.

आणि एक. ते चाक मी तुला कधी परत केलंच नाही. माळ्यावर आहे, रिमवर तुझ्या अब्बांनी हिरव्या रंगानं घातलेली खूण अजून दिसते. काल संस्कृतीनं ते तेल लावून फिरवलं. “आजोबा, अजून सरळ धावतंय,” म्हणाली.

पुढच्या रविवारी एसटीनं येतोय, चाक घेऊन, रोजा सुटायच्या वेळेला. खजूर आणतो. दार सकीनानं उघडलं तरी चालेल. तिनं “खाली बसा, सर” म्हटलं, तर उंबऱ्याबाहेर बसेन.

तुझ्या चाकावर पहिला आलेला,
रंग्या