बीचच्या झाडावरची पांढरी अळंबी

माइन्झ,
पश्चिम जर्मनी,
१२ मार्च १९७८

ती. बाबांना,
ओतिल्काचा शि. सा. न. वि. वि.

तुमचं नाताळचं कार्ड फेब्रुवारीत पोचलं. पाकीट वाटेत कुणीतरी उघडून पुन्हा चिकटवलेलं होतं. या वेळी डिंक मात्र बरा वापरलाय. वाचणाऱ्या साहेबांनाही माझा नमस्कार.

बाबा, आज बातमी आहे. घर सोडल्याला नऊ वर्षं होतील. तुम्हाला कळवावं असं माझ्या हातून पहिल्यांदाच काही झालंय. पाइनची बोंडं गळून मातीत गाडली जातात ना, त्यांवर बर्फ वितळताना बोटभर उंचीची तपकिरी अळंबी उगवते. तिचा अर्क काढून मी बुरशीच्या बशीत एक थेंब टाकला. दोन दिवसांनी थेंबाभोवती बटणाएवढी जागा लख्ख मोकळी! मग गव्हाच्या रोपांवर तांबेरा सोडून पाहिला. अर्क लावलेली पानं हिरवीगार राहिली. आमच्या प्रयोगशाळेचे ब्रांडलसाहेब कुणाला साधं ‘बरं’सुद्धा म्हणत नाहीत. ते खुर्ची ओढून माझ्या टेबलाशी बसले आणि म्हणाले, बाई, हे जगात नवीन आहे. निबंधावर त्यांच्या नावाखाली माझं नाव असणार आहे.

संध्याकाळी हे कुणाला सांगावं कळेना. शेजारच्या बाईंना जिन्यात गाठून सांगितलं. त्या म्हणाल्या, छान झालं हो, पण सोमवारी जिना पुसायची पाळी तुमची आहे.

तुमच्या इकडे येण्याच्या परवान्याचं काय झालं? यंदाचा धरून हा तिसरा अर्ज ना? मी आले तर परवानगीशिवाय देश सोडला म्हणून मला स्टेशनवरूनच तुरुंगात नेतील. आई गेली तेव्हाही येता आलं नाही. म्हणून म्हणते, तुम्हीच एकदा येऊन जा.

माया आहे तशीच ठेवावी, ही विनंती.
तुमची,
ओतिल्का

*

होर्नी बेच्वा,
चेकोस्लोव्हाकिया,
९ एप्रिल १९७८

चि. ओतिल्का हिला अ. उ. आ.

पत्र मिळालं. दोनदा वाचलं आणि मग पलीकडच्या कुबालोवाबाईंना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, हीच ना ती, टोपलीत अळंब्या कमी आणि गोगलगाई जास्त आणायची? संध्याकाळी त्यांनी नासपतीचं सारण पसरलेला ताटाएवढा फ्रगाल भाजून पाठवला. तुझ्या नावाने मीच खाल्ला.

पण पोरी, एक गोष्ट लिहायलाच हवी. मी जंगलखात्यात असताना प्रागहून तो लांबुडका डॉक्टर हेइत्मानेक यायचा. तू तेव्हा ब्रनोला कॉलेजात होतीस. दर पानगळीत मी त्याला बीचच्या खोडांवरची पांढरी अळंबी काढून द्यायचो, ती चिकट, चिनीमातीसारखी चकाकणारी. जिथे ती बसते तिथे दुसरी बुरशी फिरकत नाही, हे मीच त्याला दाखवलं होतं. त्याने तिच्यातून बुरशी मारणारा अर्क काढला. माझ्या पायांना चिखल्या झाल्या होत्या, त्यावर त्याचं मलम दिलं. आठवड्यात बऱ्या झाल्या. त्याने त्यावर लेखही छापला होता. तू लिहिलंस ते वाचताना तोच पुन्हा बोलतोय असं वाटलं.

तुझी अळंबी वेगळी, आणि मला रसायनातलं काही कळत नाही. लिहू की नको, यात आठवडा गेला. तुझी आई असती तर म्हणाली असती, गप्प बसा हो, पोरीला चार दिवस आनंदात राहू द्या.

परवाना याही खेपेला नाकारला.

तब्येतीला जप.
बाबा

*

माइन्झ,
२८ एप्रिल १९७८

ती. बाबांस सा. न.

तुमचं पत्र मिळालं. माझी अळंबी पाइनची, त्यांची बीचची. एकीचा दुसरीशी काही संबंध नाही. तुमचा डॉक्टर त्वचेचं मलम करत होता, मी गव्हाबद्दल बोलते आहे.

इथे मी आजही ‘ती चेक बाई’ आहे. एवढी एक गोष्ट माझी स्वतःची होती, तीही तुम्ही माझ्याकडे राहू दिली नाहीत.

कॉफी आणि लोकरीचे मोजे वेगळ्या पार्सलने पाठवले आहेत.

ओतिल्का

*

होर्नी बेच्वा,
२१ मे १९७८

चि. ओतिल्का हिला आशीर्वाद.

मोजे बरोबर बसले. कॉफीचा अर्धा डबा कुबालोवाबाईंना दिला. त्या आता रोज सकाळी डोकावून विचारतात, मुलीचं पत्र आलं का?

माळ्यावर हेइत्मानेकचा तो लेख सापडला. त्याने सही करून दिला होता. सोबत पाठवतो आहे. यातल्या आकृत्या मला जाळीच्या कुंपणासारख्या दिसतात, तुला वाचता येतील. पाहून जाळून टाकलास तरी मी विचारणार नाही. तुझ्यापासून लपवून ठेवणं मात्र मला जमेना.

रागावलीस तरी लिहीत जा. शिव्या घातल्यास तरी चालेल, पाकीट जाड असू दे.

बाबा

*

माइन्झ,
१ ऑक्टोबर १९७८

ती. बाबांना,
ओतिल्काचा शि. सा. न.

पाच महिने लिहिलं नाही. त्यातले दोन महिने तो लेख माझ्या ड्रॉवरमध्ये पडून होता. रोज कुलूप उघडून बघायची आणि पुन्हा लावायची. दुसरी आकृती पाहिल्याबरोबर मला कळलं होतं, बाबा. अळंब्या दोन, पण आतला अर्क एकच.

ऑगस्टमध्ये निबंध छापायला निघाला, तेव्हा मी लेख नेऊन ब्रांडलसाहेबांच्या टेबलावर ठेवला. हे कधीपासून तुमच्याकडे आहे, असं त्यांनी विचारलं. मी खरं ते सांगितलं. त्यांनी चष्मा पुसून लेख पुन्हा एकदा वाचला. मग म्हणाले, हे बाहेरच्या कुणी दाखवण्याआधी तुम्ही दाखवलंत, हे चांगलं केलंत. पण दोन महिने म्हणजे फार झाले. प्रागहून नमुना मागवून ताडून पाहिला. तोच निघाला. नव्या निबंधात पहिला मान हेइत्मानेक यांचा. माझं नाव शेवटी, आभाराच्या ओळीत, काचेची भांडी पुरवणाऱ्यांच्या शेजारी आहे.

आणखी ऐका. उन्हाळ्यात शेतावर फवारणी करून पाहिली होती. उन्हात तीन दिवसांत अर्काचं पाणी झालं आणि सगळ्या गव्हावर तांबेरा आला. अळंबी सावलीत राहणारी, तिच्या अर्काला ऊन कुठलं सोसायला? आता रसायनवाले त्याच्यासारखंच पण उन्हात टिकणारं काहीतरी बनवणार आहेत. त्याला अजून कित्येक वर्षं लागतील. त्यात अळंबीवालीचं काम नाही. मला दुसऱ्या मजल्यावर खतांकडे पाठवलंय.

एप्रिलमध्ये तुम्हाला जे लिहिलं, त्याची लाज वाटते. तुम्ही लपवलं नाहीत, मी मात्र लपवलं.

रागावून प्रेम आटवू नका.
तुमची,
ओतिल्का

*

होर्नी बेच्वा,
१९ ऑक्टोबर १९७८

चि. ओतिल्का हिला पोटभर आशीर्वाद.

हेइत्मानेकला मी कार्ड टाकलं. तो आता दह्याच्या विरजणावर काम करतो. त्याचं उत्तर आलं: माझा लेख जगात कुणीतरी वाचला, तुमच्या मुलीला माझा नमस्कार सांगा.

आता माझं ऐक. मी लपवलं नाही, असं तू लिहिलंस. ते वाचून मी अंगणात जाऊन, गरज नसताना, लाकडं फोडत बसलो. ओतिल्का, परवाना कधीच कुणी नाकारला नाही. मी अर्ज केलाच नव्हता. एकदाही नाही. कोरा फॉर्म तीन वर्षं कपाटात आहे.

कचेरीची भीती नव्हती. म्हाताऱ्याला ते खुशाल सोडतात. तो परत आला नाही तर सरकारची पेन्शन वाचते. मला भीती होती ती परत येण्याची. तुझी आई गेल्यावर या घरात एकट्याने राहायला मी शिकलो. एक ताट, एक कप, रेडिओशी भांडण. ते शिकायला फार दिवस लागले. दहा दिवस तुझ्यासमोर बसून जेवलो आणि परत आलो, तर सगळं पहिल्यापासून शिकावं लागेल. या वयात जमेल का, ठाऊक नव्हतं. म्हणून दर वर्षी तुला खोटं लिहीत राहिलो. तू मात्र तिकडे वाट पाहत होतीस.

काल फॉर्म भरून कचेरीत दिला. तिथली बाई म्हणाली, आजोबा, हा छापील नमुना आता जुना झाला, नवीन घ्या. तोही भरला.

आता नाकारला, तर ते खरं असेल.

तुझा,
बाबा

*

माइन्झ,
२२ एप्रिल १९७९

ती. बाबांना,
ओतिल्काचा शि. सा. न. वि. वि.

परवाना मिळाल्याची तुमची तार पोचली. तार जिन्यात वाचली आणि तिथेच पायरीवर बसून राहिले. शेजारच्या बाई वरून आल्या, त्यांना वाटलं कुणीतरी गेलं. मी म्हटलं, नाही, येतंय. त्यांनी सोमवारी माझ्या वाट्याचा जिना पुसला.

तुमच्या ऑक्टोबरच्या पत्रातल्या त्या कबुलीबद्दल मी काहीच लिहिलं नाही, फक्त गाड्यांच्या वेळा लिहीत राहिले. रागवायचा प्रयत्न करून पाहिला, पण रागावता आलं नाही. मीही इथे एक ताट, एक कप असंच शिकले आहे. तुम्ही गेलात की मलाही पहिल्यापासून शिकावं लागेल. दोघं एकाच दिवशी सुरुवात करू आणि पत्रातून एकमेकांचा अभ्यास तपासू.

सोळा मे, माइन्झ स्टेशन, दुपारी चार वाजून दहा मिनिटं. फ्रँकफुर्टला गाडी बदलायची आहे, कागद खिशात असू द्या. मी केस कापले आहेत, चष्मा लागला आहे, आणि आता थोडी आईसारखी दिसते, असं मला आरशात वाटतं. तुम्ही कदाचित ओळखणार नाही. म्हणून मला शोधत फिरू नका. जिथे उतराल तिथेच उभे राहा. मी येते.

तुमची,
ओतिल्का