अर्जात न घातलेलं नाव

९ फेब्रु. ८८, मंगळ.
दादाचं काम बंद पाडलं. कळव्याच्या पुलापलीकडे डिसेंबरात बुडालेला रेतीचा बार्ज उचलायचं काम त्याच्या पाणबुड्यांच्या टोळीकडे. सहा जण, सगळे आपल्या कोपरीतले. आज बंदराच्या ऑफिसचा माणूस कागद घेऊन आला. उशीर फार झाला, खाडीची वाट अडली, आता सुरुंग लावून फोडणार. तोवर कुणी बुडी मारायची नाही.
दादा जेवला नाही. "फोडतील म्हंजे? आत तो हाय ना."
तो म्हणजे माझ्या लहानपणच्या मैत्रिणीचा, हिराचा नवरा. त्या दिवशी बार्जवर दुसऱ्याच्या बदली गेलेला, म्हणून मालकाच्या यादीत नाही. यादीतले तिघे पोहून आले.

१० फेब्रु.
मुदतवाढीचा अर्ज मीच लिहिला होता. दादा सांगत होता, मी नीट करून लिहीत होते. 'आत माणूस आहे' इथवर आले तर त्याने माझा हात धरला. पाण्यातल्याचं नाव तो काठाला येईपर्यंत घ्यायचं नाही, लिहायचंही नाही. नाहीतर तो येत नाही. म्हणून हिराही पोलिसात गेली नाही. मी ती ओळ गाळली. आपल्या माणसांची रीत पाळली, म्हणून बरंसुद्धा वाटलं होतं.

१२, शुक्र.
दादाबरोबर ऑफिसात. साहेब वाईट नाहीत. चहा मागवला, अर्ज पुढे केला.
"बाई, अक्षर तुमचंच ना? यात माणसाचा उल्लेख कुठाय?"
म्हटलं, आहे आत माणूस.
"मग नाव सांगा. आत्ता लिहून घेतो, सुरुंग थांबवतो."
दादा खिडकीबाहेर बघत राहिला. मीही. चहावर साय आली.
सुरुंग २५ ला, सकाळी अकराला.

१७, बुध. अमावास्या.
पाणबुड्याच्या कमरेचा दोर वर एकाच्या हातात असतो. एक ओढ, ठीक. दोन, दोर सोड. तीन, वर घ्या. काम थांबलं तेव्हा एक दोर खाली केबिनच्या कडीला बांधलेला तसाच राहिला, वरचं टोक काठाच्या खुंटाला. हिरा रोज तो हातात घेऊन बसते.
"तीन देतो गो बाय. रोज."
दादा म्हणाला, "उधाण हाय. पानी वडतंय."
हिरा हसली. "पानी मोजतं का रे?"

२० फेब्रु.
सातवी ब ला अर्जलेखन. फळ्यावर 'अर्जदाराचे नाव' लिहिलं आणि पुढे काही सुचेना. मुलं चुळबुळायला लागली. खडू ठेवून कविता घेतली.

२३, मंगळ.
ओटीवर टोळीचं भांडण. पांडू दादावर ओरडला, "नाव सांग नि मोकला हो! का सरकारला बी सांगशील, नाव न घेता सुरुंग लाव?"
"नाव घेतला नि तो हाती नाय लागला, तर हिराला तोंड तू दाखवशील?"
"नि फोडला तर काय हाती लागंल? मासं?"


२४, बुध.
अर्धी रजा टाकून बाराला काठावर. भांगाचं पाणी, उधाणाचा जोर नाही, ओहोटी संपून ठरलेलं. पाण्यावरचं पिंपळपान जागचं हलत नव्हतं. उन्हात सगळं लख्ख. हिराने दोर माझ्या हातात दिला. ओला, आणि कोमट. पाण्याखालच्या दोराने कोमट का असावं?
एक. दोन. तीन.
थांबला.
पुन्हा तीन.
दादाकडे पाहिलं. तोही दोराकडेच बघत होता. या वेळी पाणी म्हणाला नाही.
निघताना हिरा म्हणाली, "मी नाय घेनार त्याचं नाव. तू लिवनार तर लिव. तुला म्हाईत हाय."
मला माहीत आहे. चौथीपर्यंत आम्ही तिघं एकाच वर्गात. हजेरीत माझ्या आधी त्याचं नाव. तो 'हजर' म्हणाला की मी तयार व्हायची.

त्याच दिवशी, दिवेलागण
नवा अर्ज लिहून झाला. सगळं आहे. एक जागा कोरी. ऑफिस दहाला उघडतं.
मघाशी पेन त्या जागेवर टेकवलं, पहिलं अक्षर मनात आलं, आणि मनगटाला ओढ बसली. खालून, हलकीशी. एकच.
एक म्हणजे ठीक.
की अजून दोन यायच्यात, म्हणून पेन तसंच धरून बसले आहे