पुढच्या खोलीतली चाची

२२ मार्च
चुका होतील, डायरी, समजून घे. सातवीतच शाळा सुटली. मोबाईलवर एक एक अक्षर शोधून राह्यले, लय टाइम लागतो.

घर घेतलं! वडीगोद्रीत, रोडच्या आत, दोन खोल्या. आबांनी निम्मी मेंढरं इकली. उरलेली धुळाजी काका चारून राह्यले, पैठणकडं.

पण पुढच्या खोलीत किरायदार — रजिया चाची. एकटीच, नऊ वर्षांपासून. जुना मालक म्हणला, सांगून टाका, एक तारखेला खाली करंल. आबा, माय अन् मी तवर मागच्या खोलीत.

२६ मार्च
आबा चाचीच्या दारापर्यंत गेले अन् बिडी पिऊन परत आले. जिंदगीभर लोक आम्हालाच म्हणले — उद्या तळ उचला. आबांच्या तोंडातून ते निघत न्हाई. मला म्हणले, तू सांग, तुम्हा बायाबायांत बराबर जमंल.
मी! दुकानात बिस्कीटपुडा मागायला मला घाम येतो.

गेले. चाचीनं चहा दिला. पलंगाखाली टोपल्यात कोंबडी, आजच अकरा अंड्यांवर बसवलेली. चहा पिले. कोंबडी बघितली. आले.
आबांनी इचारलं, सांगितलं का?
मी मान हलवली, व्हय म्हणून.

२७ मार्च
काय केलं मी हे!

३० मार्च
माय खूश. पुढच्या खोलीत देव कुठं, चूल कुठं, सगळं ठरवून राह्यली. म्हणती, वीस वर्षं लोकांच्या बांधावर तीन दगडं मांडली.
सांगायचंच म्हणून दोनदा चाचीकडं गेले. एकदा इचारलं, कोंबडी कशी हाय. दुसऱ्यांदा बी तेच.

१ एप्रिल
माय सकाळीच झाडू घेऊन गेली. मी मागं. चाची तांदूळ निवडत बसलेली, सामान जिथल्या तिथं. माय म्हणली, अजून बांधलं न्हाई? पोरगी सांगून गेल्ती ना?
चाचीनं माझ्याकडं बघितलं.
"बेटीनं सांगितलं व्हतं. मीच इसरले. उमर झाली."
मंग म्हणली, पंधरा दिवस द्या. बसलेली मुर्गी हलवली तर उठती, अंडी वाया.
मायनं वाकून पलंगाखाली बघितलं. वाटेत मेंढी व्याली तर आख्खा तळ थांबवणारी बाई ती! "पंधरा. सोळावा न्हाई," म्हणली. झाडू तिथंच इसरून आली.

७ एप्रिल
चाची खोली बघायला अंबडला गेल्ती. तीन ठिकाणी न्हाई म्हणले. कोंबडीला पाणी मी ठेवलं.

१६ एप्रिल
नऊ पिल्लं! दोन अंडी गेली.
चाची भांडी गोणीत भरून राह्यली. उद्या अंबडला भाचीकडं जाती. आबा सकाळपासून घरात न्हाईत. माय भिंतीकडं बघून म्हणली, टेम्पोत मरतील एवढी एवढी पिल्लं. कुणालाच म्हणली न्हाई, भिंतीलाच.

मी चाचीकडं गेले. म्हणलं, चाची, मी तुम्हाला सांगितलंच नव्हतं.
"मालूम है. गोणी धर."

१७ एप्रिल
धुळाजी काकांचा पाय मोडला. मेंढरांजवळ कुणी न्हाई. दुपारच्या गाडीनं तिघं निघालो, कधी येऊ माहीत न्हाई. आबांनी दोन्ही खोल्यांच्या चाव्या चाचीच्या हातात दिल्या. माय एवढंच म्हणली — झाडू तुमच्याकडंच हाय.