दारामागची सतरा मिनिटं

नाचणे, रत्नागिरी
बुधवार

ती. बाबाजीमामांस,
प्रज्ञेशचा सविनय जयभीम. मामींनाही सांगावा.

इकडे सगळं ठीक आहे, आईचा उजवा गुडघा सोडून. त्याला सोमवारी आणि गुरुवारी व्यायामाला न्यावं लागतं आणि उरलेले पाच दिवस तो आम्हाला व्यायाम देतो. तुमच्या कानाचं कसं आहे? डॉक्टरांनी दिलेलं मशीन तुम्ही कपाटात जपून ठेवलंय असं मामी म्हणत होत्या. (कपाटाला आता छान ऐकू येत असेल.) तुमच्या कानामुळेच फोन न करता हे पत्र लिहायला बसलो. तुम्हाला ऐकू जाईल इतक्या आवाजात बोललं की भिंतीपलीकडे राहणाऱ्या ईशाला ऐकू जातं, आणि ईशाला कळलेली गोष्ट संध्याकाळच्या आत साळवी स्टॉपला पोचलेली असते. पोरगी हुशार आहे, कॉलेजात पदार्थविज्ञान शिकते, पण तिच्या पोटात काही म्हणून राहत नाही.

पत्राचा हेतू अगदी साधा आहे. येत्या अठ्ठावीस तारखेला ‘दूरचा तळ’ या सिनेमाचा दुसरा भाग लागतोय आणि पहिल्या खेळाला तुम्ही आमच्या प्रेक्षक मंडळाचे पाहुणे म्हणून यावं, अशी सर्वांची इच्छा आहे. पहिला भाग तुम्हाला आठवत असेलच. बारा वर्षांपूर्वी तुम्ही आपल्या जुन्या थिएटरात दारावर होतात तेव्हा तो चार आठवडे चालला होता. (तिथे आता लग्नाचा हॉल झालाय. बाल्कनीत वरपक्ष उतरतो.) मराठी सिनेमात यान उडालं म्हणून सगळा जिल्हा लोटला होता. ते यान पत्र्याचं होतं हे तिसऱ्या आठवड्यात लोकांच्या लक्षात आलं, पण तोवर त्याच्यावर जीव जडला होता. पुढे निर्माता आणि त्याचा भाऊ कोर्टात गेले आणि सिनेमा पेटीत बंद झाला, तो आजतागायत. ना टीव्हीवर, ना मोबाइलवर. एक चोरून काढलेली प्रत फिरते म्हणतात, पण तिच्यात पुढच्या खुर्चीवरच्या गृहस्थांचं टक्कल तेवढं स्वच्छ दिसतं आणि मध्यंतरानंतर चोराची बॅटरी संपते. तेव्हा पहिला भाग ज्याने थिएटरात डोळ्यांनी पाहिला तोच आज या विषयात बोलायचा अधिकारी, आणि मंडळाचा अध्यक्ष या नात्याने मी तो अत्यंत एकाग्रतेने पाहिलेला आहे.

शेवट तर माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. त्या ओसाड ग्रहावर कप्तान दिगंत एकटा उरलाय. साथीदार गेले, हवा चार मिनिटांची शिल्लक, ग्रहावर दुसरा जीव म्हणून नाही. आणि बाहेरून दारावर टकटक होते. तीनदा. कप्तान उठतो, दार उघडायच्या लाल दांड्यावर हात ठेवतो आणि सिनेमा संपतो. मामा, याला म्हणतात शेवट. प्रेक्षकाला दारात उभं करून ठेवायला छाती लागते. मी यावर बारा वर्षं विचार केला. कचेरीत टपाल आवक-जावक नोंदवताना दुसरा विचार करायला मुबलक वेळ मिळतो, आणि शेवटी मला उलगडलं की टकटक करणारा दुसरा कोणी नसून स्वतः कप्तानच आहे, भविष्यकाळातून परत आलेला.

तर गेल्या महिन्यात वाचनालयाच्या हॉलमध्ये आम्ही ‘दुसऱ्या भागाकडून आमच्या अपेक्षा’ असा परिसंवाद ठेवला. फ्लेक्सवाल्याने यानापेक्षा माझा फोटो मोठा केला, त्यात माझा दोष नाही. अपेक्षा ऐकून मी थक्क झालो. मिरकरवाड्याचा बाबल्या तांडेल उठला आणि म्हणाला की कप्तान फार ओरडतो, होडीवरचा तांडेल असा ओरडायला लागला तर खलाशी पुढच्या बंदराला उतरून जातात, तेव्हा दुसऱ्या भागात त्याने जरा सबुरीने घ्यावं. शिवाय यान वळवताना त्याने वाऱ्याचा अंदाज घेतला नाही. तिथे वारा नसतो असं ईशाने सांगितल्यावर बाबल्याने मग तिथे जायचंच कशाला असा प्रश्न विचारला आणि त्याला टाळ्या पडल्या. ईशाचं म्हणणं, गुरुत्वाकर्षण नीट दाखवा, पहिल्या भागात कप्तानाच्या हातातला चहा सांडत नव्हता. (पहिला भाग आला तेव्हा ती सहा वर्षांची होती. तिने तो पाहिलेलाच नाही, त्यामुळे तिच्या अपेक्षांना अनुभवाचा अडथळा नाही.) मागच्या रांगेतल्या एकांना गाणी हवी होती, निदान एक, पाळण्याचं.

मग माझं भाषण झालं, ‘दारावरची टकटक: एक चिंतन’. चाळीस मिनिटं. काळ सरळ रेषेत चालत नाही हे मी चार वेगवेगळ्या प्रकारे सांगितलं. चौथ्या वेळी आत्माराम उठला. आत्माराम तुमच्या ओळखीचा, मालगुंडच्या शाळेत पाचवीपासून माझ्या बाकावरचा, पुढे रत्नागिरीत रिक्षा घेतली तो. मंडळाचा माइक, कर्णा, सतरंज्या, सगळं तोच रिक्षातून वाहून आणतो. तो म्हणाला, “दार उघडलान, बाहेर कोण नव्हता, हवा गेली नि मेला. त्याला चाळीस मिनटं कशाला?” हॉल हसला. बाबल्या तर खुर्चीवरून घसरला.

मामा, मला राग आला. चाळीस मिनिटांच्या चिंतनाला तेरा शब्दांत कोणी खाली बसवलं तर कोणालाही येईल. मी माइकवरूनच म्हणालो की रिक्षा चालवणाऱ्यांनी सिनेमाचे अर्थ सांगायच्या फंदात पडू नये. हॉल हसायचा थांबला. आत्मारामने पुढे येऊन माइकची वायर काढली, नीट गुंडाळली, कर्णा उचलला आणि गेला. सतरंज्या मात्र ठेवून गेला, लोक बसले होते म्हणून.

त्याला आज तीन आठवडे झाले. मंडळात जिवंतवाले आणि मयतवाले असे दोन पक्ष पडलेत. मयतवाले मला बघितलं की बाकड्यावर तीनदा टकटक करतात. मी तिकडे लक्ष देत नाही. आत्माराम माझ्याशी बोलत नाही, पण सोमवार-गुरुवार बरोबर नऊला रिक्षा दारात उभी असते. हॉर्न वाजतो, आई जाते, तो तिला हाताला धरून चढवतो, उतरवतो, मला मात्र त्याची पाठ दिसते. मी तत्त्वासाठी भांडलो, त्यामुळे मला याचं काही वाटत नाही. असो. पाहुणे म्हणून यायचं तेवढं नक्की करा, येताना मामींच्या हातची कुळथाची पिठी आणा आणि कानाचं मशीन कपाटातून काढा.

आपला भाचा,
प्रज्ञेश

ता. क. – वर मी ‘अत्यंत एकाग्रतेने’ असं लिहिलंय. ते खरं आहे, पण आठ पस्तीसपर्यंतच. तुमच्यापासून लपवण्यात अर्थ नाही, कारण दार तुम्हीच उघडून दिलं होतंत. आम्ही तेव्हा मालगुंडला राहायचो. संध्याकाळच्या खेळाला आलेली मालगुंडची सगळी माणसं आठ पस्तीसला उठायची, कारण आठ पन्नासला शेवटची गाडी सुटायची. तुम्ही मला मुद्दाम दाराजवळची खुर्ची द्यायचात, पटकन निघता यावं म्हणून. आमच्या गावाने वीस वर्षांत एकाही सिनेमाचा खलनायक मेलेला पाहिला नाही. त्या दिवशी कप्तानाने दांड्यावर हात ठेवला आणि आम्ही तेवीस माणसं उभी राहिलो. राहिलं असेल ते पुढची नावं असतील, असं मी धरून चाललो. गाडीत टकटकीवर अशी चर्चा रंगली की गणपतीपुळ्यापर्यंत तोच शेवट असल्याचं ठरूनही गेलं, आणि नंतर मला ते आठवणही वाटू लागलं.

परवा ईशाने कागदावर हिशेब मांडून दाखवला. सहाचा खेळ, पाच मिनिटं जाहिराती, दहा मिनिटं मध्यंतर, सिनेमा दोन तास एक्केचाळीस मिनिटांचा. म्हणजे आठ छप्पन. नावांना चार मिनिटं दिली तरी सतरा मिनिटं उरतात. ‘काका, त्या सतरा मिनिटांत काय होतं?’ असं तिने विचारलं. मी तिला चहा दिला आणि गप्प राहायची शपथ घातली. शपथ किती दिवस टिकेल ते तुम्ही जाणताच. म्हणून हे पत्र. तुम्ही चार आठवडे, रोजचे तीन खेळ दारावर होतात. कप्तान दार उघडतो का, बाहेर कोण असतं, आणि तो जगतो की मरतो, एवढं उलट टपाली कळवा. एका कार्डावर मावेल. आत्माराम खरा असेल तर त्याच्यासमोर जायला मला निदान काहीतरी माहीत असायला हवं.

ता. क. २ – गुरुवार दुपार. पत्र टाकायचं राहिलं ते बरं झालं. आई व्यायामाहून आली ती गालात हसत. तिने रिक्षात आत्मारामला सरळ विचारलं, की बाबा, तो मेला हे तुला कशावरून? (गुडघा दुखत असला की ती आडवळणाने बोलत नाही.) त्याने आधी आढेवेढे घेतले, मग सांगितलं. खेळ सुटायच्या आधी रिक्षा गेटाशी लावावी लागते, गर्दी बाहेर पडल्यावर जागा कुठली मिळायला. म्हणून तोही कप्तानाने दांड्यावर हात ठेवल्यावर उठला होता. मग त्याच्या रिक्षात दोन बायका बसल्या, त्यातली एक थेट कुवारबावपर्यंत डोळे पुसत होती. त्यावरून त्याने ताडलं की कप्तान गेला. ‘तू प्रज्ञेशला सांगू नको’ असं त्याने आईला बजावलं आणि आईने घरात पाऊल टाकता टाकता मला सांगितलं.

म्हणजे मामा, जिवंतवाल्यांच्या पुढाऱ्याने शेवट पाहिलेला नाही आणि मयतवाल्यांच्याही नाही. मला पोट धरून हसू आलं, आणि मग हसू थांबलं. कारण तो चुकला असता तरी मी जे बोललो ते सिनेमाबद्दल नव्हतंच. डोअरकीपरचा भाचा मी, तुमच्या पासवर सिनेमे बघून मोठा झालो, आणि माइकवरून माणसाला त्याच्या कामावरून जोखलं. आपल्या घरात त्याचा अर्थ काय होतो हे मी तुम्हाला सांगायला नको. मला लाज वाटते. तीन आठवडे वाटतेय. वर तत्त्व वगैरे लिहिलंय ते खोडायचं होतं, पण कागद खराब झाला असता.

ता. क. ३ – गुरुवार संध्याकाळ. आईने हे सगळं पत्र वाचलं (मी दिलं नव्हतं) आणि म्हणाली, “अरे मेल्या, बाबाजीला काय विचारतोस? तो पडद्याकडे कधी बघी नाय. पाठ करून उभा ऱ्हायचा, लोकांची तोंडं बघीत.” खरं आहे का हे? पस्तीस वर्षं दारावर काढून तुम्ही एकही सिनेमा पाहिला नाहीत? मग तुम्हाला दिसलं तेवढंच कळवा. लाल दांड्यानंतरची ती सतरा मिनिटं लोकांची तोंडं कशी होती? रडत होते की हसत होते? रोज तीन खेळ याप्रमाणे तुम्ही ती पाहिली आहेत, आणि आमच्यापैकी कोणापाशी त्याहून चांगला पुरावा नाही.

ता. क. ४ – सोमवार. अजून पाकीट बंद केलेलं नाही. आज नऊला हॉर्न वाजला तेव्हा मीही आईबरोबर बाहेर पडलो आणि रिक्षात मागे बसलो. काय बोलायचं ते ठरवून ठेवलं होतं, ते मारुती मंदिरापर्यंत आठवेना. शेवटी पुढच्या दांडीवर बोटाने तीनदा टकटक केलं. आत्मारामने आरशातून पाहिलं. सिग्नल सुटला, मागची गाडी ओरडायला लागली, तरी तो तसाच. मी म्हणालो की मी त्या दिवशी जे बोललो ते फार वाईट बोललो. तो म्हणाला, “सरकून बस. म्हातारीला पाय लांब करूचा हाय.”

तीन आठवड्यांतलं हे त्याचं पहिलं वाक्य. मी सरकलो.

परत येताना चार तिकिटं काढली, आईचं, आत्मारामचं, माझं आणि एक तुमचं. शेवटाचं आता काही कळवू नका, कळवलंत तर मी वाचणार नाही. (रडत होते की हसत होते तेवढं मात्र आईला फोनवर सांगा, ती मला सांगेलच.) नव्या थिएटरात दारावर माणूस नसतो, दार आपोआप मिटतं, म्हणून तुमची खुर्ची दाराशेजारची घेतलीय. आत्माराम गेटाशी रिक्षा लावायला उठेल आणि मी सवयीने घड्याळ बघत उठेन. आम्हा दोघांनाही दिवे लागेपर्यंत बाहेर सोडायचं नाही. आणि या खेपेला, मामा, तोंड पडद्याकडे करून बसा.